उपचारापूर्वीचा चेहरा

त्वचारोगाच्या दवाखान्यात उपचार संपत आले की बहुतेक माणसे एकच विनंती करतात: पहिला फोटो पुसून टाका. एकोणीस वर्षांच्या नोकरीत ही विनंती मी इतक्या वेळा ऐकली की तिला होकार देताना मला हातातले काम थांबवावे लागत नसे. तो पहिला फोटो मला द्या, असे म्हणणारी व्यक्ती मात्र एकच भेटली. त्यांचे नाव महानंदाबाई. औसा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्या काम करत. फोटो त्यांच्या मुलीचा होता, आणि मुलीला तो जगात कुठेही शिल्लक राहायला नको होता. दोघींपैकी कोणाचे ऐकायचे ते मला ठरवावे लागले. मी काय ठरवले आणि त्याचे पुढे काय झाले, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. मात्र त्याआधी आमचे काम कसे चालते ते वाचकांना थोडे समजावून सांगितले पाहिजे, नाहीतर फोटोला एवढे महत्त्व का, हे कळणार नाही.

माझे शिक्षण खरे तर शिक्षिका होण्यासाठी झाले. वडील बिलोलीला प्राथमिक शिक्षक होते. पाटीवर अक्षर काढण्याआधी पाटी कोरडी आहे का ते पाहावे, हे त्यांचे पहिले सूत्र. नांदेडला मी डी.एड. केले आणि त्र्याण्णवच्या भूकंपानंतरच्या हिवाळ्यात लातूर जिल्ह्यातल्या एका गावी पत्र्याच्या शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून रुजू झाले. मुख्याध्यापकांच्या लोखंडी पेटीत जुना हजेरीपट सुरक्षित राहिला होता. पहिल्या दिवशी मी तो उघडला आणि शिकवल्याप्रमाणे क्रमांक एकपासून स्पष्ट आवाजात नावे वाचू लागले. पाचव्या नावाला कोणी ‘हजर’ म्हटले नाही. सहाव्यालाही नाही. सातवे नाव झाल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी समजुतीने म्हणाली, “बाई, ती न्हाई आता. पुढचं वाचा.”

शाळा सुटल्यावर मी लाल शाईने त्या नावांवर रेघा मारल्या आणि पुढे ‘नाव कमी केले’ असे लिहिले. रेघा पट्टीने मारल्या. सरळ आल्या. त्या कामात मी चूक काहीच केली नव्हती, तरी बराच काळ मला त्या रेघा डोळे मिटले की दिसत.

कायमची नेमणूक मिळाली नाही. लग्नानंतर मी लातूरला आले आणि शिकवणी वर्गांच्या भागात असलेल्या एका त्वचारोग दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले. पुढे तिथे प्रकाशोपचाराचे यंत्र आले. डॉक्टर मॅडमनी त्याची माहितीपुस्तिका माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “तुम्ही शिक्षिका आहात. हे आधी तुम्ही वाचा, मग मला शिकवा.” मी दोन दिवस वाचले, टिपणे काढली आणि तिसऱ्या दिवशी खरोखरच शिकवले.

यंत्र दिसायला साधे. उघड्या पुस्तकासारखी तीन पाती, आणि त्यांवर दाटीने बसवलेले एलईडीचे बारीक दिवे. रुग्ण आडवा झोपतो, पाती चेहऱ्याभोवती वळवायची, अंतर पट्टीने मोजायचे. निळा प्रकाश आणि लाल प्रकाश असे दोन प्रकार. मुरमांच्या ठिकाणी त्वचेच्या छिद्रांत जे जिवाणू वाढतात, ते स्वतःच एक असा पदार्थ तयार करतात जो निळा प्रकाश शोषून घेतो. शोषल्यावर जी रासायनिक क्रिया घडते, तिने तेच जिवाणू मरतात. लाल प्रकाश थोडा अधिक खोल जातो, सूज आणि लाली कमी करतो. वयस्कर त्वचेला थोडी उभारी देतो असेही म्हणतात. एका वेळी वीस मिनिटे, आठवड्यातून दोनदा, एकूण आठ बैठका. यात उन्हातले अतिनील किरण नसतात, त्वचा भाजत नाही. सौम्य आणि मध्यम मुरमांवर उपयोग होतो. मोठ्या गाठींवर फारसा नाही, जुन्या खड्ड्यांवर नाही. रंग गोरा होत नाही. हे शेवटचे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेन याची मोजदाद नाही.

डोळ्यांवर गडद चष्मा घालणे सक्तीचे. तरीही कडेकडेने थोडा रंग आत झिरपतो. कोणाला डोळ्यांचा काही त्रास होतो का हे कळावे म्हणून मी बैठक संपल्यावर विचारत असे, “मिटल्या डोळ्यांना काय दिसलं?” आणि उत्तर वहीत लिहून ठेवत असे. हेतू वैद्यकीय होता. पण ती वही हळूहळू भलतीच होत गेली. हिमायतनगरच्या एका मुलाला पैनगंगेचा डोह दिसला, आणि तळाशी त्याच्या म्हशी बसलेल्या. हदगावच्या मुलीला कापसाने छतापर्यंत भरलेली खोली दिसली, फटीतून सकाळ आत येत असलेली. दुसऱ्यांदा परीक्षेला बसणारा एक मुलगा बराच वेळ उठलाच नाही. मग म्हणाला, “पेपर कोरा होता मॅडम. पण सगळं येत होतं.” शिकवणीसाठी आलेली ही मुले दिवसाचे चौदा तास अभ्यासाला बसत आणि आमच्या पडद्याआडच्या खोलीत पाचव्या मिनिटाला झोपत. बाहेर सायकलींच्या घंटा, झेरॉक्सच्या दुकानांची घरघर, वर्ग सुटल्याचा गलका. आत एक निळे तळे आणि त्यात तरंगणारा एक श्वास. दुपारच्या वेळी त्या खोलीत खुर्चीवर बसले असता मलाही कधी कधी आपण पाण्याखालच्या वर्गात बसलो आहोत असे वाटे. फळा आहे, मुले आहेत, आणि कोणालाच उत्तर द्यायची घाई नाही.

सगळीच गिऱ्हाइके विद्यार्थी नव्हती. उदगीरचे एक अडत व्यापारी होते, सगळे त्यांना अप्पा म्हणत. साठीच्या समारंभाआधी चेहरा जरा तरतरीत व्हावा, अशी सुनेची इच्छा. अप्पा दर वेळी पूजा करून, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे ओढून येत. मी म्हटले, “अप्पा, कपाळ धुवावं लागेल. भस्माखाली प्रकाश नीट पोचत नाही.”

“पूजा करून आलो की ओ बाई. आता पुसू कसं?”

“मग पूजा नंतर करत जा.”

“अन् महादेवाला काय सांगू? थांब जरा, तोंड उजळून येतो म्हणून?”

शेवटी तोडगा निघाला: कपाळावर ओला रुमाल, प्रकाश फक्त गालांवर. आठ बैठका अप्पा शांतपणे घोरले. अखेरच्या दिवशी त्यांच्या पत्नी चेहरा निरखून म्हणाल्या, “तोंड तर तसंच हाय. घोरणं तेवढं वाढलं.” अप्पा मात्र समाधानी होते. इतकी गाढ झोप त्यांना कित्येक वर्षांत लागली नव्हती. उपचाराचा हा परिणाम पुस्तिकेत नव्हता. मी तो पेन्सिलीने समासात लिहिला.

एक प्रसंग मात्र गंभीर होता. काही गोळ्या अशा असतात की त्या चालू असताना त्वचा प्रकाशाला फार हळवी होते. त्यामुळे प्रत्येकाला मी आधी विचारत असे, कोणती गोळी चालू आहे का. एका मुलाने नाही म्हणून सांगितले, आणि दुसऱ्या बैठकीनंतर त्याचा चेहरा उन्हात भाजल्यासारखा लाल झाला. चार दिवसांत तो निवळला, पण त्या चार दिवसांत मला अन्न गोड लागले नाही. खोदून विचारल्यावर मुलगा म्हणाला, “चिठ्ठी माझी न्हवती मॅडम. रूममधल्या एकाची होती. आम्ही चौघंबी घ्यायलो.”

“एका चिठ्ठीवर चौघांना गोळ्या कशा मिळाल्या?”

“झेरॉक्स काढली की.”

त्याच्या स्वरात लपवाछपवी अजिबात नव्हती. खोलीत एकाने चांगल्या नोट्स आणल्या की चौघांसाठी झेरॉक्स निघते. डॉक्टरांची चिठ्ठी ही त्याच्या लेखी तशीच एक नोट होती. त्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. “तुझ्या खोलीत कोण काय घेतं?” असे विचारू लागले, आणि उत्तरे ऐकून पुष्कळदा यंत्र बंदच ठेवावे लागले.

आता फोटोविषयी. उपचाराचा गुण आला की नाही हे आठवणीवर सोडता येत नाही. माणूस आरशात रोज पाहतो, म्हणून त्याला फरक कळत नाही. आणि फरक नसतानाही आशेने दिसतो. म्हणून पहिल्या दिवशी तीन फोटो काढायचे: समोरून, डावीकडून, उजवीकडून. तीच खुर्ची, तीच भिंत, फरशीवर आखलेली तीच रेघ, तोच दिवा. केस पट्ट्याने मागे, चेहरा धुतलेला, हसायचे नाही. शेवटच्या दिवशी पुन्हा तेच तीन. एकाचा प्रकाश जरी बदलला तरी तुलना खोटी ठरते. जाहिरातींतले फोटो वाचकांनी या दृष्टीने एकदा तपासून पाहावेत. माझ्या फोटोंत खोटे काही नसे, आणि म्हणूनच कोणाला ते आवडत नसत.

मयूरी आमच्याकडे आली ती डिसेंबरात. बारावीनंतर दुसऱ्यांदा मेडिकलची परीक्षा देणारी, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. चेहरा स्कार्फने डोळ्यांपर्यंत बांधलेला. लातुरात गाडीवरच्या मुली धुळीसाठी स्कार्फ बांधतात. ही वर्गातही सोडत नसे. पहिल्या बाकावरून ती भिंतीकडेच्या शेवटच्या बाकावर गेली होती. तिथून फळा नीट दिसत नव्हता, पण डावा गाल भिंतीकडे राहत होता. मागच्या दोन चाचण्यांत गुण घसरले होते. हे सगळे तिने स्कार्फच्या आतून सांगितले.

खुर्चीवर बसवून मी म्हटले, “आता स्कार्फ काढ. केस मागे घे.”

“हे फोटो कोण बघणार?”

“मी आणि डॉक्टर.”

“झाल्यावर पुसाल?”

“तू म्हणशील त्या दिवशी पुसेन.”

“तुमच्या शब्दावर बसायले हं मॅडम,” असे म्हणून तिने गाठ सोडली. डावा गाल हनुवटीपर्यंत भरलेला होता. तिने ओठ घट्ट दाबले, नजर खाली केली. मी तीन फोटो काढले.

बैठका बुधवारी आणि रविवारी असत. रविवारी महानंदाबाई एसटीने डबा घेऊन येत. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, माझ्यासाठी वेगळी पुडी. मुलगी प्रकाशाखाली असताना त्या बाहेर बाकावर बसत. तिसऱ्या बैठकीच्या वेळी मी संगणकावर मयूरीचा पहिला फोटो उघडून त्याच्या शेजारी नोंदी करत होते. महानंदाबाई पाणी विचारायला आत आल्या आणि संगणकाच्या पडद्यासमोर थांबल्या. डावीकडचा फोटो होता.

“ही कुठून आणली तुम्ही?” त्यांनी विचारले.

“ही मयूरी. उपचारापूर्वीची.”

“न्हाई,” त्या म्हणाल्या. माझे म्हणणे खोडून काढण्यासाठी नव्हे. झोपेत कोणी बोलावे तसे. त्यांनी बोट पडद्याच्या अगदी जवळ नेले, पण टेकवले नाही. “शिवकांता हाय ही.”

शिवकांता म्हणजे त्यांची थोरली बहीण. भूकंप झाला तेव्हा सतरा वर्षांची होती, आणि महानंदाबाई बारा वर्षांच्या. तिच्याही डाव्या गालावर अशाच पुटकुळ्या. जायफळ उगाळून लावायची. बाया म्हणायच्या, असल्या तोंडाला कोण पत्करतंय. त्या पहाटे महानंदाबाई मामाकडे होत्या म्हणून वाचल्या. घर पडले त्यात ट्रंक गेली, ट्रंकेत तिचा शाळेतला एकुलता एक फोटो होता, तोही गेला.

“चोवीस वर्सं झाली बाई,” त्या म्हणाल्या. “तिचा आवाज येतो मला. महानंदे, ऊठ म्हणती. पण तोंड न्हाई येत. किती डोळे मिटले तरी तोंड न्हाई. आज समोर बसली.”

मयूरी रोज समोर असताना हे साम्य त्यांना आधी का दिसले नाही, असा प्रश्न माझ्या शिक्षकी मनात आला. उत्तरही लगेच सुचले. मयूरी घरी आली की स्कार्फमध्ये असे, नाहीतर पाठ करून. मुरूम आल्यापासून आईने तिचा तो गाल इतका वेळ, इतका जवळून पाहिलाच नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी त्या डबा खोलीबाहेर ठेवून थेट माझ्याकडे येत आणि संगणकाकडे पाहत. मी फोटो उघडून ठेवत असे. आत मुलगी लाल प्रकाशाखाली झोपलेली, बाहेर आई तिच्या जुन्या चेहऱ्यासमोर बसलेली. मध्ये एक कापडी पडदा, त्यातून पाझरणारा तांबूस उजेड. त्या काही मागत नसत, रडत नसत. एकदा फक्त म्हणाल्या, “लेकरू बरं व्हायलं, अन् ती जायली.”

सातव्या बैठकीला त्यांनी विचारले. “तेवढा एक फोटो मला काढून द्या. मयूरीला सांगू नका.”

“फोटो तिचा आहे, महानंदाबाई. तिला विचारल्याशिवाय मला देता येणार नाही. तुम्हीच विचारा.”

“काय विचारू? तुझ्या पुटकुळ्यांत मला माझी मेलेली बहीण दिसती म्हणू? परीक्षेच्या तोंडावर?” त्यांनी पदर नीट केला. “परीक्षा झाली की मी सांगते तिला. तवर तेवढं पुसू नका.”

मी म्हटले, तिने सांगितल्याशिवाय मी पुसणार नाही. हे वाक्य खरे होते. पण ते अर्धे होते, आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होते.

आठवी बैठक बुधवारी आली. त्या दिवशी महानंदाबाई नव्हत्या. मयूरीचा गाल चांगलाच निवळला होता. थोडे डाग होते, ते वेळेने जाणार होते. मी शेवटचे तीन फोटो काढले, पहिल्या तीन फोटोंशेजारी लावून तिला दाखवले. तिने फक्त नवे पाहिले.

“आता जुने पुसा.”

“परीक्षेनंतर पुसले तर चालेल का?”

“कामून?”

याचे उत्तर माझ्याकडे होते आणि मला ते द्यायची मोकळीक नव्हती. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही शब्द दिला होता. वाचायला बसले तरी मनात येतं, कुठंतरी तो फोटो हाय. कुणीतरी बघत असंल.” ती अजिबात चिडलेली नव्हती. शिक्षकाने दिलेला गृहपाठ तपासला जावा, एवढीच तिची अपेक्षा होती. मी फोटो निवडले, पुसले, संगणकाची कचरापेटीही तिच्यासमोर रिकामी केली. तिने मान डोलावली, स्कार्फ घडी करून पिशवीत टाकला आणि उघड्या तोंडाने रस्त्यावर गेली. खिडकीतून मी तिला झेरॉक्सच्या दुकानांपाशी गर्दीत मिसळताना पाहिले. तिच्यासाठी मला खरोखर आनंद झाला.

रविवारी महानंदाबाई आल्या. बैठका संपल्या हे त्यांना ठाऊक होते. वसतिगृहात डबा देऊन त्या मुद्दाम इकडे आल्या होत्या. फोटो पुसल्याचे मी उभी राहून सांगितले.

“बरं केलं,” त्या म्हणाल्या. “तोंड तिचं हाय.” आणि जाता जाता, “मी आपली जरा बघून जावं म्हणून आले होते.”

डॉक्टर मॅडमना मी सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, नियमाप्रमाणे तुम्ही बरोबर केलेत. तसे मलाही वाटत होते आणि आजही वाटते. मुलीच्या चेहऱ्यावर मुलीचाच हक्क. माझी हळहळ वेगळी आहे. पुसण्याआधी अर्धा तास थांबून मी महानंदाबाईंना फोन करू शकले असते. बाई, ती आज पुसायला सांगते आहे, तुम्हाला काही बोलायचे असेल तर आत्ता तिच्याशी बोला. एवढे एक वाक्य. नियमाने त्याला मनाई केली नव्हती. मला ते सुचले तेव्हा कचरापेटी रिकामी झाली होती. काम नीट पार पाडण्याच्या समाधानात माणूस असा मध्येच कुठेतरी चुकतो, आणि चूक वहीत दिसतही नाही.

मे महिन्यात, परीक्षा होऊन गेल्यावर, दोघी एकत्र आल्या. मुरूम परतले होते. यात नवल नाही. हा उपचार जिवाणू घटवतो, त्वचेची मूळ प्रवृत्ती बदलत नाही, आणि परीक्षेच्या महिन्यांतले जागरण आणि वरून उन्हाळा होताच. डॉक्टरांनी पुन्हा आठ बैठका सांगितल्या. फोटोसाठी मी खुर्ची रेघेवर सरकवली आणि केसांचा पट्टा घेऊन वळले, तर मयूरीने दोन वेण्या घातलेल्या, लाल रिबिनी लावून वर बांधलेल्या. एकोणीस वर्षांच्या मुलीला ते शोभत नव्हते आणि तिला ते माहीत होते.

“हसू नका मॅडम,” ती म्हणाली. “मावशी अशाच वेण्या घालायची म्हणं. आईनं सांगितलं मला सगळं. तुम्ही दोघी मिळून माझ्यापासून लपवायल्या होत्या.”

“लपवलं,” मी कबूल केले.

“अन् मीच पुसायला लावलं.” तिने गालाला हात लावला. “आता आलेत परत. बघा, त्याच गालावर. काढा.”

“मयूरे, राहू दे की,” महानंदाबाई दारातून म्हणाल्या.

“तू गप बस गं. मावशी कशी बघायची ते सांग. खाली का सरळ?”

“सरळ. कुणाच्या बापाला भ्यायची न्हाई ती.”

मयूरी सरळ बसली. मी डावीकडचा फोटो काढला. तेच अंतर, तोच दिवा, तीच भिंत. संगणकावर उघडून महानंदाबाईंना पुढे बोलावले. त्या जवळ आल्या, मागे गेल्या, पुन्हा जवळ आल्या. मयूरी खुर्चीवरूनच आईचे तोंड न्याहाळत होती.

“न्हाई बाई,” महानंदाबाई शेवटी म्हणाल्या. “ही मयूरीच हाय.”

मयूरीचा चेहरा पडला. मी वेण्यांचा कोन, हनुवटीची उंची, जे जे हाताशी होते ते तपासून आणखी दोनदा फोटो काढला. फरक पडला नाही. डिसेंबरातल्या त्या फोटोतली मुलगी नजरा चुकवत ओठ दाबून बसली होती. कदाचित शिवकांताचा तो चेहरा महानंदाबाईंना ठाऊक होता, जायफळ लावून आरशापुढे एकटी बसायची तेव्हाचा. गावाला न भिणारी शिवकांता नंतर आठवणीत तयार झाली असेल. हा माझा अंदाज आहे; मी त्यांना तो बोलून दाखवला नाही.

“परत खाली बघू का?” मयूरीने विचारले. “तसं बसू?”

“नको. काही नको बसू तसं.” महानंदाबाई संगणकापासून बाजूला झाल्या. “हीच द्या मला बाई. मोठी करून द्या. रिबिनी लावलेलीच.”

“त्यात पुटकुळ्या दिसतील आई.”

“दिसू दे.”

मी फोटो छापायला लावला आणि मयूरीला आडवे केले. चष्मा घातला, पाती वळवली, अंतर मोजले, निळा प्रकाश सुरू केला. महानंदाबाईंना पडद्याबाहेर बसवले. चेहरा हलला की अंतर बदलते, म्हणून बैठकीत बोलायचे नाही. मी पडद्याच्या कडेला खुर्ची घेतली. छापलेला कागद महानंदाबाईंच्या मांडीवर होता, अजून कोमट. त्यावरही निळसर झाक आली होती.

दोन मिनिटे झाली असतील. “आई,” आतून आवाज आला, “ती सकाळी उठून आधी काय करायची?”

मी मनाई करायला हवी होती. महानंदाबाईंनी माझ्याकडे पाहिले.

“सांगा,” मी म्हटले.

“आधी मला उठवायची,” महानंदाबाई म्हणाल्या, आणि मग थांबल्याच नाहीत. शेणाने माखलेले हात ती कशी ओढ्यावर धुवायची, कानडीत कशी मोजायची, गुणाकारात तिला सातचा पाढा कधीच कसा आला नाही, कुणाच्या लग्नात कोणते गाणे म्हणताना ती अडखळली. चोवीस वर्षांत त्या हे घरात कोणाशीच बोलल्या नव्हत्या, हे मयूरीच्या मध्ये मध्ये येणाऱ्या “मग?” वरून मला कळत होते. मी वहीत काही लिहिले नाही. यंत्राने वीस मिनिटे झाल्यावर नेहमीची बारीक घंटा दिली आणि प्रकाश आपोआप गेला. खोली मंद झाली. मयूरीने चष्मा काढला नाही, महानंदाबाई बोलण्यात ओढ्यापासून घराच्या वाटेवर आल्या होत्या, आणि बाहेरच्या बाकावर पुढच्या वेळेची मुले बसली होती. मी उठून दार लोटून घेतले आणि परत येऊन बसले.